‘यूझ’ या इंग्रजी क्रियापदाला पर्यायी शब्द कोणते आणि ते नेमके कुठे चालतात?

पूर्णाकाठ, परभणी

नमस्कार. मी कृषिविद्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत असून सध्या प्रबंधाचे इंग्रजी लेखन चालू आहे. ठिबकवरील तुरीला पाण्याच्या व खताच्या वेगवेगळ्या मात्रा दिल्या असता उत्पादनात काय फरक पडतो, असा माझा विषय आहे. त्यामुळे अमुक पद्धत वापरली, तमुक यंत्र वापरले, इतके पाणी वापरले, इतके खत वापरले असे जवळपास प्रत्येक परिच्छेदात लिहावे लागते आणि दर वेळी हाताशी ‘यूझ’ हे एकच क्रियापद येते. ‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण परत करताना मार्गदर्शकांनी समासात ‘शब्दांत विविधता आणा’ एवढाच शेरा मारला आहे.

संगणकावर त्या शब्दाचे पर्याय पाहिले तर युटिलाइझ, एम्प्लॉय, अप्लाय, एक्सरसाइझ, एक्स्प्लॉइट, डिप्लॉय, हार्नेस, लिव्हरेज अशी लांबलचक यादी समोर येते, पण कोणता शब्द कुठे बसतो हे ती यादी सांगत नाही. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून झाले असल्याने एखादे इंग्रजी वाक्य कानाला खटकते की नाही, यावर मला विसंबता येत नाही. म्हणून जाणकारांना विनंती आहे की या शब्दांतील फरक समजावून सांगावा, आणि ‘युटिलाइझ’ हा ‘यूझ’पेक्षा अधिक औपचारिक शब्द आहे असे जे म्हटले जाते ते खरे आहे का, तेही सांगावे.

अंबाजोगाईकर (निवृत्त इंग्रजी प्राध्यापक)

आपल्याला नियम हवा असेल तर माझ्या मते तो एकच आहे. क्रियापद निवडताना पर्यायांच्या यादीकडे न पाहता त्या क्रियापदाच्या कर्माकडे, म्हणजे ज्या वस्तूचा वापर होणार आहे तिच्याकडे पाहावे. मराठीत हे आपण कोणी न शिकवता करत असतो. आपल्याकडे खत टाकतात किंवा देतात, औषध फवारतात, विहिरीचे पाणी उपसतात, मजूर लावतात, हक्क बजावतात, सवलत घेतात, युक्ती योजतात आणि डोके चालवतात. या सर्व ठिकाणी ‘वापरतात’ असे म्हटले तर अर्थ कळेल, पण बोलणारा माणूस त्या कामातला नाही हेही लगेच कळेल. इंग्रजीतही शब्दांच्या अशाच जोड्या ठरलेल्या आहेत. खत, मलम, रंग, ब्रेक आणि नियम यांच्यासाठी ‘अप्लाय’, माणसे, पद्धत आणि तंत्र यांच्यासाठी ‘एम्प्लॉय’, तर हक्क, अधिकार, सावधगिरी आणि संयम यांच्यासाठी ‘एक्सरसाइझ’ येतो. त्यातील शेवटच्या गटाकडे जरा लक्ष द्यावे. ज्या गोष्टी माणसाच्या स्वतःच्या ठायी असतात आणि वापरल्याने संपत नाहीत, त्यांनाच हे क्रियापद लागते. म्हणूनच मतदानाचा अधिकार ‘एक्सरसाइझ’ होतो, पण मतदान यंत्र मात्र ‘यूझ’च होते.

लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून एक गोष्ट सांगतो. अप्लाय, एम्प्लॉय, डिप्लॉय आणि एक्स्प्लॉइट हे चारही शब्द घडी घालणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आलेले आहेत. अप्लाय म्हणजे एक वस्तू दुसरीला लगटून ठेवणे, म्हणून ते क्रियापद वरून लावण्याच्या सर्व गोष्टींना चालते. एम्प्लॉय म्हणजे घडीच्या आत घेणे, गुंतवणे, म्हणून माणसाला कामाला लावणे हा अर्थ त्याला सहज चिकटला. डिप्लॉय म्हणजे घडी उलगडून पसरणे. तो शब्द लष्करातून आला असल्यामुळे बंदोबस्ताला पोलीस, दुष्काळात टँकर आणि अलीकडे संगणकप्रणाली ‘डिप्लॉय’ होते, पण प्रयोगशाळेतली एखादी परीक्षानळी होत नाही. एक्स्प्लॉइट म्हणजे उलगडून आतले बाहेर काढणे. खाणीतील खनिज काढण्यापर्यंत तो शब्द निर्दोष राहिला, पण माणसांच्या बाबतीत त्याचा अर्थ पिळवणूक असा झाला. आपल्या राज्यघटनेतील शोषणाविरुद्धच्या हक्काच्या इंग्रजी शीर्षकात हाच शब्द आहे. अर्थात व्युत्पत्तीचा आधार आठवणीपुरताच घ्यावा, शब्दाचा आजचा अर्थ शेवटी आजच्या वापरावरूनच ठरतो.

आता ‘युटिलाइझ’विषयी. ‘यूझ’ हा शब्द इंग्रजीत मध्ययुगापासून आहे, तर ‘युटिलाइझ’ हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचमधून आला. जी वस्तू एरवी पडून राहिली असती किंवा मुळात त्या कामासाठी नव्हती, ती उपयोगात आणणे हा त्याचा खरा अर्थ आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवून न देता त्यांचे कंपोस्ट केले, तर पऱ्हाट्या ‘युटिलाइझ’ केल्या असे म्हणणे अगदी योग्य ठरते, कारण त्यात टाकाऊचे टिकाऊ केल्याचा भाव येतो. पण लिहिण्यासाठीच बनवलेला पेन ‘युटिलाइझ’ केला असे लिहिणे म्हणजे लग्नाचा फेटा बांधून गोठा झाडायला जाणे होय. तेव्हा तो शब्द अधिक औपचारिक नाही, केवळ अधिक लांब आहे, आणि आपल्याकडील प्रबंधांत तो ज्या प्रमाणात आढळतो त्याला लांबीचा हा मोहच कारणीभूत आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिलेल्या शब्दांपैकी ‘हार्नेस’ म्हणजे घोड्याला साज चढवणे. त्यामुळे नदी, वारा, ऊन अशा निसर्गातल्या शक्तींना कामाला जुंपताना तो शोभतो. ‘लिव्हरेज’ हा कंपन्यांच्या सादरीकरणातला शब्द आहे आणि प्रबंधात त्याचे काही काम नाही.

निवृत्त उपअभियंता, पैठण

प्राध्यापक महोदयांचे विवेचन उत्तम आहे, परंतु सिंचनाच्या क्षेत्रात आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला मार्गदर्शकांच्या त्या शेऱ्याबद्दलच शंका आहे. ललित लेखनात एकच शब्द पुन्हा पुन्हा येणे हा दोष असेल, पण पाण्याच्या हिशेबात प्रत्येक शब्दामागे एक वेगळी मोजणी असते, आणि केवळ विविधतेसाठी शब्द बदलला तर वाचणाऱ्याला वाटते की मोजलेली गोष्टच बदलली.

तुमच्याच विषयातले पाहा. शेताला १०० मिलिमीटर पाणी दिले आणि त्यातले ६० मिलिमीटर मुळांच्या थरात साठले, तर ‘वॉटर अप्लिकेशन एफिशियन्सी’ ६० टक्के झाली. याउलट ४०० मिलिमीटर पाण्यावर हेक्टरी १,५०० किलो तूर निघाली, तर ‘वॉटर यूझ एफिशियन्सी’ हेक्टरी दर मिलिमीटरला ३.७५ किलो झाली. पहिल्यात पाण्याचे पाण्याशी गुणोत्तर आहे, दुसऱ्यात धान्याचे पाण्याशी आहे. ‘अप्लिकेशन’च्या जागी ‘यूझ’ किंवा ‘यूझ’च्या जागी ‘युटिलायझेशन’ घालून भाषा नटवली तर परीक्षक नेमके कोणते गुणोत्तर समजणार? ‘कन्झम्प्टिव्ह यूझ’ याचेही तसेच आहे. पानांतून उडून गेलेले, जमिनीतून बाष्पीभवन झालेले आणि झाडाच्या अंगात राहिलेले असे तिन्ही मिळून ते पाणी होते. यांतील तिसरा हिस्सा एका टक्क्याहूनही कमी असल्याने प्रत्यक्षात ते पहिल्या दोन हिश्श्यांच्या बेरजेएवढेच, म्हणजे ‘इव्हॅपोट्रान्स्पिरेशन’एवढेच धरतात. तेथे ‘यूझ’ काढून दुसरा शब्द बसवताच येत नाही.

‘यूझ’ या साध्या शब्दावर राज्या-राज्यांत किती काटेकोर वाद होऊ शकतो, याचे उदाहरण कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६ च्या निवाड्यात आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्याचा काही भाग कृष्णा खोऱ्यात येतो, म्हणून आम्हाला तो वाचावा लागे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या त्या लवादाने असे ठरवले की नदीतील पाणी जेवढे घटले तेवढाच ‘यूझ’ धरायचा. त्यानुसार घरगुती आणि नगरपालिकांच्या पुरवठ्यासाठी उचललेल्या पाण्याचे फक्त २० टक्के आणि उद्योगांसाठी उचललेल्या पाण्याचे फक्त २.५ टक्के वापर म्हणून मोजले जाते, कारण उरलेले पाणी परत नदीत येते असे गृहीत आहे. सिंचनाच्या बाबतीत मात्र परत येणारे पाणी वजा होत नाही, आणि धरणातून बाष्पीभवनाने गेलेले पाणीही वापरातच धरले जाते. म्हणजे ज्या पाण्याला कोणाचा हात लागला नाही ते ‘यूझ’मध्ये आले, आणि कारखान्याने उचललेल्या पाण्यातले बहुतांश बाहेर राहिले. एवढी काटेकोर व्याख्या झालेल्या शब्दाला समानार्थी शब्द शोधण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रकल्प अहवालांमध्ये मात्र ‘युटिलायझेशन’ला पक्के स्थान आहे आणि ते प्राध्यापकांनी सांगितलेल्या अर्थाशी जुळते. निर्माण झालेली सिंचन क्षमता ही ‘पोटेन्शियल क्रिएटेड’ आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र हे ‘पोटेन्शियल युटिलाइझ्ड’. पडून राहिलेले किती आणि कामात आलेले किती, हाच तेथे प्रश्न असतो. उलट, मराठीत ज्याला आपण ‘उपयुक्त जलसाठा’ म्हणतो, त्याला इंग्रजीत ‘यूझफुल’ न म्हणता ‘लाइव्ह स्टोरेज’ म्हणतात. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातील उपयुक्त २,१७१ आणि मृत ७३८. टंचाईच्या वर्षी त्या ‘मृत’ साठ्यातूनही पिण्याला पाणी घ्यावेच लागते, हे जाता जाता नोंदवतो.

‘एक्स्प्लॉइट’ हा शब्द आमच्याकडे फक्त भूजलात येतो. वार्षिक उपलब्धतेच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि १०० च्या पुढे अतिशोषित, म्हणजे ‘ओव्हर-एक्स्प्लॉइटेड’. गंमत अशी की याच टक्केवारीला जुन्या अहवालांत ‘स्टेज ऑफ ग्राउंडवॉटर डेव्हलपमेंट’ म्हणत, म्हणजे विहिरी आटत चालल्या तरी कागदावर ‘विकास’ वाढत असे. मूल्यांकनाची २०१५ ची सुधारित पद्धत आली आणि ‘डेव्हलपमेंट’च्या जागी ‘एक्स्ट्रॅक्शन’ हा शब्द आला. उपसा या अर्थी जुना ‘ड्राफ्ट’ शब्दही त्याच वेळी मागे पडला. तुम्ही जुने आणि नवे संदर्भ एकत्र वापरणार असाल तर हा बदल ध्यानात असू द्यावा.

लेखाशाखा, नांदेड

यादीत ‘अव्हेल’ दिसला नाही याचे आश्चर्य वाटले, कारण आमच्या कार्यालयात ‘यूझ’पेक्षा तोच अधिक चालतो. रजा ‘अव्हेल’ केली, प्रवास सवलत ‘अव्हेल’ केली, कर्ज ‘अव्हेल’ केले असे आम्ही रोज लिहितो आणि ते इथल्या सरकारी इंग्रजीत रुळलेले आहे. मात्र इंग्रजांच्या इंग्रजीत माणूस स्वतःला त्या सोयीचा लाभ मिळवून देतो अशी त्या क्रियापदाची रचना असते. ‘अव्हेल’च्या पुढे ‘वनसेल्फ ऑफ’ लागते, आणि परदेशी परीक्षक असेल तर आपले वाक्य त्याला अडखळायला लावते. प्रबंधात त्या जागी सरळ ‘टेक’ किंवा ‘यूझ’ लिहावे.

निधीच्या बाबतीत मात्र ‘युटिलाइझ’ला पर्याय नाही. केंद्राच्या निधीसाठी उपयोगिता प्रमाणपत्राचा जो नमुना १२-अ भरावा लागतो, त्यात ‘युटिलाइझ्ड’ याचा अर्थ केवळ खर्च झाला एवढाच नसून, ज्या कारणासाठी रक्कम मंजूर झाली त्याच कारणासाठी खर्च झाला असा आहे. पैसे खर्ची पडणे आणि सत्कारणी लागणे यांत जो फरक आपण करतो, तोच तेथे आहे.

वकिली चष्मा, लातूर

एक लहानशी भर घालतो. विद्यार्थी ‘यूझ’ टाळण्यासाठी ‘यूसेज’ लिहितात, तेव्हा थोडे थांबावे. घरगुती पाण्याच्या किंवा मोबाइलच्या डेटाच्या संदर्भात तो रुळला आहे, पण कायद्याच्या भाषेत ‘यूसेज’ म्हणजे वहिवाट, परिपाठ. संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात कायद्याच्या व्याख्येत ‘कस्टम ऑर यूसेज’ आहे तो याच अर्थाने. तसेच जमिनीच्या जुन्या निवाड्यांत ‘चेंज ऑफ यूझर’ असे दिसले तर तेथे वापरणारा बदललेला नसतो. शेतजमीन अकृषिक झाली, म्हणजे वापर बदलला, एवढाच त्याचा अर्थ असतो. आपल्या प्रबंधात यातले काही यायचे कारण नाही, पण ‘वॉटर यूसेज’ लिहिण्यापेक्षा ‘वॉटर यूझ’ बरे.

पूर्णाकाठ, परभणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उपअभियंता साहेबांनी सांगितलेली गुणोत्तरे मी जशीच्या तशी ठेवीन. तरीही वर्णनाच्या वाक्यांचा प्रश्न राहतोच. मार्गदर्शकांना दाखवण्यापूर्वी कच्च्या मसुद्यातील चार वाक्ये येथे देतो, कृपया तपासावीत.

‘ड्रिप सिस्टिम वॉज युटिलाइझ्ड फॉर इरिगेशन. वॉटर-सोल्युबल फर्टिलायझर्स वेअर एम्प्लॉइड थ्रू द सिस्टिम. अ डिजिटल बॅलन्स वॉज यूझ्ड टू वे द सीड. द क्रॉप एक्स्प्लॉइटेड मोअर वॉटर अ‍ॅट फ्लॉवरिंग.’

अंबाजोगाईकर (निवृत्त इंग्रजी प्राध्यापक)

ही वाक्ये दिलीत हे बरे केले, कारण आता तुमच्या मार्गदर्शकांना काय खटकले असावे याचा अंदाज येतो. ‘यूझ’ वारंवार येतो ही वरवरची तक्रार आहे. खरी अडचण अशी की प्रत्येक वाक्यात प्रत्यक्ष काम सांगणारे क्रियापद शेपटीला गेले आहे आणि मुख्य जागी ‘वापरले’ बसले आहे. काम सांगणारे क्रियापद पुढे आणले की वापराचा शब्दच लागत नाही.

पहिल्या वाक्यात काम काय झाले? पाणी दिले गेले. मग ‘द क्रॉप वॉज ड्रिप-इरिगेटेड’ एवढे पुरे. तिसऱ्यात काम वजन करण्याचे आहे, म्हणून ‘सीड वॉज वेड ऑन अ डिजिटल बॅलन्स’. तराजू वजनासाठीच असतो, त्यामुळे तो ‘वापरला’ हे वेगळे सांगावे लागत नाही. याच रीतीने टेपने अंतर मोजले, ओव्हनमध्ये नमुने वाळवले, चाळणीने माती चाळली अशी तुमच्या प्रकरणातील बहुतेक वाक्ये सुटतील, आणि समानार्थी शब्दांची गरज कदाचित चार-दोन ठिकाणीच उरेल. दुसऱ्या वाक्यात खत आहे, तेव्हा ‘एम्प्लॉइड’ काढून ‘अप्लाइड’ करावे. खते नोकरीवर ठेवली जात नाहीत.

चौथ्या वाक्यात ‘एक्स्प्लॉइटेड’ आला तो बहुधा मराठीतून आला असावा. मुळे पाणी शोषतात आणि सावकार माणसाला शोषतो, यांसाठी आपल्याकडे एकच शोषण आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘टेक अप’ किंवा ‘अ‍ॅब्सॉर्ब’ लागते. मी ते वाक्य ‘द क्रॉप टुक अप मोअर वॉटर अ‍ॅट फ्लॉवरिंग’ असे करेन.

निवृत्त उपअभियंता, पैठण

पहिल्या तीन वाक्यांशी सहमत. चौथ्यात मात्र ‘टुक अप’ला माझी हरकत आहे. झाडाने किती पाणी वर ओढले हे या विद्यार्थ्याने मोजलेले नाही. त्याने दोन पाळ्यांच्या दरम्यान जमिनीतला ओलावा किती घटला ते मोजले असणार, आणि त्या घटीत जमिनीतून उडालेले पाणीही आहे. जे मोजले तेच लिहायचे असेल तर ‘यूझ्ड’ हाच प्रामाणिक शब्द आहे. तेथे तो राहू द्यावा, मार्गदर्शकांनी विचारले तर कारण सांगावे.

तूरवाला, बदनापूर

उपअभियंता साहेबांचे म्हणणे मान्य, पण ‘एक्स्प्लॉइट’ला पिकांच्या भाषेतून सरसकट हद्दपार करू नये. मुळांच्या संदर्भात तो शब्द इंग्रजी शास्त्रीय लेखनात बिनदिक्कत येतो, फक्त त्याचे कर्म वेगळे असते. सोयाबीनची बहुतेक मुळे वरच्या थरात राहतात, तर तुरीचे सोटमूळ बरेच खोल जाते. आपल्या भारी काळ्या जमिनीत पावसाळा संपल्यावर जो ओलावा खाली उरतो, त्यावर बीडीएन ७११ सारखा लवकर येणारा वाणही फुलोऱ्याच्या आणि शेंगा भरण्याच्या काळात तग धरतो. दुसऱ्या पिकाच्या हाती न लागणारा हा साठा तुरीची मुळे गाठतात, तेव्हा ‘पिजनपी रूट्स एक्स्प्लॉइट मॉइश्चर फ्रॉम डीपर लेयर्स’ असे लिहिले जाते आणि त्यात कोणताही दोष मानला जात नाही. दडलेले बाहेर काढणे हा प्राध्यापक महोदयांनी सांगितलेला मूळ अर्थच तेथे आहे.

मात्र असे वाक्य लिहायचे तर खोलीनुसार ओलाव्याची नोंद हवी. ० ते ३० सेंटिमीटरच्या थराबरोबर ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटरच्या थरांतील ओलावाही आपण घेतला असेल, आणि खालच्या थरांत फुलोऱ्यानंतर घट दिसत असेल, तर ‘एक्स्प्लॉइट’ जरूर लिहावा, पण ‘साहित्य आणि पद्धती’त नको, निष्कर्षांच्या चर्चेत लिहावा. केवळ वरच्या थराची नोंद असेल तर ‘यूझ्ड’च ठेवावे.